पारध



'पारध' हा शब्द आपण किती सहज वापरतो. पारधीला निघणं, पारधी, फासेपारधी. या शब्दाचं मूळ संस्कृत रूप 'पापर्द्धि'. पाप अधिक ऋद्धि, म्हणजे पापाची भरभराट. प्राकृतात त्याचं 'पारद्धि' झालं, आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या एका शब्दासाठी वेगळं सूत्रच लिहून ठेवलं की इथे मधल्या 'प'चा 'र' होतो. तिथून तो मराठीत 'पारध' होऊन आला. शिकारीवर निघालेला माणूस अगदी मिशीला पीळ देत 'पारधीला चाललो' म्हणाला, तरी तोंडाने पापाचंच नाव घेत असतो.

दिगंबर परंपरेतल्या वसुनंदी श्रावकाचारात सात व्यसनांच्या यादीत हाच 'पारद्धि' शब्द येतो. जुगार, मद्य, मांस, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. पाठशाळेत आपण ही यादी पाठ करतो आणि शिकारीच्या नावापाशी जरा निवांत होतो, कारण आपल्या घरात कुणी बंदूक धरलेली नसते. मला मात्र ती या यादीत आहे याचंच कुतूहल वाटतं. शिकार ही हिंसा आहे, मग ती अहिंसा अणुव्रताच्या प्रकरणात येऊन पुरे झाली असती. पण जुन्या आचार्यांनी तिला दारू आणि जुगाराच्या शेजारी बसवलं. पोट भरलं की भूक थांबते. व्यसन थांबत नाही. उदाहरण दिलं ते ब्रह्मदत्त चक्रवर्तीचं. सहा खंडांचा धनी, ज्याला खायला काही कमी नव्हतं. शिकारीचा इतिहास वाचू लागलं की आचार्यांना माणूस किती नेमका कळला होता ते दिसतं.

जहांगीर बादशहाचंच पाहा. त्याने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून गादीवर बसल्याच्या अकराव्या वर्षापर्यंत त्याच्यासमोर २८,५३२ जनावरं आणि पाखरं मारली गेली. त्यातली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली: ३,२०३ चतुष्पाद आणि १३,९६४ पक्षी. किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशेब. कारकुनाने लिहून ठेवला आणि बादशहाने मोजून घेतला.

त्याच घराण्यात, एकच पिढी आधी, अकबराच्या दरबारात हीरविजयसूरी गेले होते. ते श्वेतांबर साधू, गुजरातेतून पायी चालत १५८३ मध्ये फतेहपूर सिक्रीला पोचले. बादशहाने भेटी देऊ केल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. पिंजऱ्यातले पक्षी सोडा, कैदी सोडा, पर्युषणाच्या आठ दिवसांत प्राणिहत्या बंद ठेवा, एवढं मागितलं. जैन ग्रंथ सांगतात की बादशहाने त्यात आपले चार दिवस घालून बारा केले. 'जगद्गुरू' ही पदवी त्यांना तेव्हाची. आपल्या व्याख्यानांत ही कथा इथेच संपते आणि टाळ्या पडतात. मला मात्र तिचा आधीचा भागही सांगावासा वाटतो. १५७८ मध्ये, म्हणजे सूरी येण्याच्या पाच वर्षं आधी, पंजाबात भेरा इथे अकबराची प्रचंड हाका-शिकार मांडली होती. मैलोगणती घेर टाकून जनावरं आत लोटत आणली होती. ऐन वेळी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने शिकार थांबवली आणि सगळी जनावरं सोडून द्यायला लावली. म्हणजे ठिणगी आधीच पडली होती, सूरींनी तिच्यावर फुंकर घातली. सगळं श्रेय आपल्याकडे ओढायची घाई मला बरी वाटत नाही. आणि अमारीची फर्मानं निघाली तरी चित्तेखाना काही लगेच रिकामा झाला नाही.

चित्त्याची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण ती आपल्या कोल्हापूरपर्यंत येते.

आपण मराठीत बिबट्यालाही चित्ता म्हणून मोकळे होतो. पण चित्ता वेगळा: सडपातळ, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, माळावर धावणारा. त्याला पकडून माणसाळवता येतं. शिकारीच्या वेळी डोळ्यांवर कातडी टोपी घालून गाडीवर बसवायचं, काळविटांच्या कळपाच्या जवळ गाडी न्यायची, टोपी काढायची आणि सोडायचं. तो काळवीट पाडतो, मग माणसं पळत जाऊन काळविटाचा गळा कापतात आणि चित्त्याला त्याचा वाटा देऊन परत टोपी चढवतात. अकबराकडे असे हजारभर चित्ते होते असं सांगतात. पण यात एक मेख होती. पाळलेला चित्ता पिल्लं देत नाही. एका जोडीला पिल्लं झाली तेव्हा जहांगीरने ती नवलाची गोष्ट म्हणून लिहून ठेवली, इतकं ते दुर्मिळ. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातूनच पकडून आणायचा. पिढ्यान्‌पिढ्या, दरबारामागून दरबार. रानातली विहीर उपसत राहायची आणि तिला झरा नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती विहीर आटली. हिंदुस्थानातले चित्ते इतके कमी झाले की हौशी संस्थानिकांनी आफ्रिकेतून ते मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात असे दोनशेच्या आसपास चित्ते बोटीने आले, आणि त्यांतल्या मोठ्या गिऱ्हाइकांत भावनगर आणि कोल्हापूर ही संस्थानं होती. म्हणजे काळवीट इथला, माळ इथला, आणि त्याच्यामागे धावणारा परदेशातून आणलेला. याच्याइतकं व्यसनाचं चांगलं उदाहरण वसुनंदींनाही सापडलं नसतं. शेवटी १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले, ते इथले शेवटचे नोंदलेले. १९५२ मध्ये सरकारने चित्ता देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आणले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

राजर्षी शाहू महाराज शिकारीचे शौकीन होते. चित्त्यांची शिकारही आणि घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकारही. हे लिहिताना काहींना आवडणार नाही, पण त्यांच्या चरित्रात ते उघड आहे, कुणी लपवलेलं नाही. आणि गंमत अशी की याच राजाच्या पाठबळाने १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं, जिथे आपल्या कितीतरी आजोबा-पणजोबांनी शिक्षण घेतलं. महाराजांचं मोठं इंग्रजी चरित्र १९२४ मध्ये लिहिलं ते अण्णासाहेब लठ्ठे यांनी, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक. एका शिकारी राजाबद्दल एका जैनाने एवढ्या आदराने लिहावं यात मला काही विसंगत वाटत नाही. माणसांच्या बाबतीत महाराजांनी जी दया दाखवली ती दाखवायला तेव्हा फार थोडे तयार होते, आणि त्यात अहिंसेचे गोडवे गाणारेही आले.

राजेरजवाड्यांची शिकार डोळ्यात भरते, पण खरी कत्तल सरकारी कचेरीत बसून झाली. इंग्रज सरकार वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्याला रोख बक्षीस देई. उपद्रवी जनावर मारलं, कातडं किंवा डोकं आणून दाखवलं, पैसे घेतले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारल्याचा हिशेब इतिहासकारांनी सरकारी कागदांतून काढला आहे. शेती वाढवायची तर जंगल साफ हवं आणि जंगल साफ करायचं तर त्यातलं जनावर मारायचं, असा तो विचार. त्याच सरकारने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला, आणि पुढे त्याच कायद्याखाली पारध्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. फासे लावून तितर-लाव्हे धरणारा गुन्हेगार, आणि हत्तीवर बसून वाघ मारणारा साहेब शूर. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा शिकार सगळ्यांनाच बंद झाली, हे योग्यच झालं. पण साहेबांची आणि राजांची डोकी भिंतीवर राहिली, आणि पारध्याचं पोट गेलं. जीवदयेच्या निधीतून पक्षी विकत घेऊन सोडणाऱ्या आपल्या संस्थांनी त्या माणसाच्या दुसऱ्या धंद्याची सोय केली असती तर? पक्षी विकत घेतला की उद्या दुसरा पक्षी धरला जातो, हे कुठल्याही दुकानदाराच्या घरातल्या बाईला सांगावं लागत नाही.

आता गव्याकडे येते.

राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते गव्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून ते ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. आमच्या भागात अभिमानाने सांगतात की राजाने राखलं म्हणून जंगल वाचलं. ते खरंच आहे. पण राखलं होतं ते मारण्यासाठी, आणि राखलं होतं ते डोंगरातल्या शेतकऱ्यापासून. संस्थानांच्या शिकारीच्या रानांत असंच असायचं: डुकराने पीक खाल्लं तरी रयतेने त्याला हात लावायचा नाही, कारण ते सरकारचं डुक्कर. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगर आणि पडीक जमिनी जंगलखात्याने गिळल्याचं रडगाणं मांडलं आहे, ते इंग्रजी मुलखातलं. इकडे संस्थानातही चित्र फार वेगळं नव्हतं. 'सरकारचं डुक्कर' हा शब्द अजून शेतावर ऐकू येतो. आता तो वनखात्याला उद्देशून असतो एवढंच.

मग गवे वाढले कसे? शिकार थांबली हे एक कारण. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे बुळकांडी. आपल्या आज्या बुळकांडीचं नाव काढलं की हळहळायच्या, दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. हा रोग गाईम्हशींकडून रानातल्या गव्यांनाही व्हायचा. १९६८ मध्ये कर्नाटकातल्या बंदीपूरकडच्या रानात गव्यांचे कळपच्या कळप त्याने मेले. सरकारने गावोगावी जनावरांना लशी टोचल्या, आणि २००६ मध्ये आपला देश बुळकांडीमुक्त ठरला. २०११ मध्ये सगळं जग. लस टोचली गाईला, वाचला गवाही.

याच्या उलटही घडतं, तेही इथेच सांगून टाकते. गिधाडांना कुणी गोळी घातली नाही, तरी नव्वदच्या दशकात ती जवळपास संपली. म्हाताऱ्या, दुखणाईत जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं जायचं, ते जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. पांजरपोळ चालवणाऱ्या आपल्या प्रत्येक ट्रस्टीला हे माहीत असायला हवं. दया करतानाही औषधाची चिठ्ठी वाचावी लागते.

तर गवे वाढले. आणि त्याच वेळी त्यांचं गवत कमी झालं. घाटावरच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी आल्या, मोकळ्या रानात रानमोडी माजली, जी कुठलंच जनावर खात नाही. खाली धरणं झाली, नदीवरून पाणी उपसून डोंगराच्या पायथ्याशी ऊस गेला. जिथे नाचणी आणि भात होता तिथे बारमाही हिरवा, गोड, मऊ चारा उभा राहिला. गव्याने काय करावं? त्याला काही आपली कारखान्याची नोंद कळत नाही. भुदरगड, आजरा, शाहूवाडी, पन्हाळा, इथली माणसं आता रात्री शेताकडे जायला भितात. गवा वाट चुकला की पार शहरात जातो. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला गवा आला, लोकांनी मोबाइल घेऊन त्याच्यामागे धावत त्याला इतकं दमवलं की पकडेपर्यंत तो मेलाच. त्याला मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं. हाका मात्र भेऱ्यासारखाच झाला.

बिबट्याचंही उसाशीच नातं. जुन्नर, अकोले, संगमनेर भागात बिबटी उसाच्या फडात वितात, तिथेच पिल्लं वाढतात. तोडणीच्या वेळी ती सापडतात. २००१ नंतर काही वर्षं वनखात्याने जुन्नरमधून बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले. पुढे अभ्यासात दिसलं ते असं की माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेले. घरातून उचलून परक्या गावात टाकलेलं जनावर गांगरतं, आणि मोकळ्या जागेवर दुसरं येतं. अकोल्याला केलेल्या दुसऱ्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गल्लीच्या टोकाला उरलेलं शिळं अन्न टाकायची आपल्याला सवय आहे, ते पुण्याचं काम वाटतं. गावाबाहेरच्या वस्तीवर ते करताना एवढं लक्षात असू द्या की त्या ढिगाशी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे कोण येतं.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या स्वाध्याय मंडळातला एक प्रश्न. भुदरगडकडे शेती असलेल्या एका वहिनींनी विचारलं, "शासन रानडुक्कर मारायची परवानगी देतं. आमच्या गल्लीतले सगळे शेतकरी मिळून अर्ज करणार आहेत. आमच्या ह्यांनी सही करावी का? ही विरोधी हिंसा होते की संकल्पी?" प्रश्न ऐकून मंडळ गप्प झालं. कुणी म्हणालं, आचार्य शांतिसागर महाराज दीक्षेआधी भोजला शेती करायचे तेव्हा पाखरांना हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, ते आठवा. ती आठवण मलाही फार प्रिय आहे. पण वहिनींचं म्हणणंही खरं होतं की पाखरं कणसं टिपतात, आणि डुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचा भुईमूग उकरून टाकतो. ज्यांच्या दारात ऊस उभा नाही त्यांनी त्यांना त्यागाचा उपदेश करू नये.

माझं मत मी तिथे सांगितलं, इथेही सांगते. आपल्या शास्त्राने गृहस्थासाठी चार प्रकार केले: घरकामातली आरंभी, धंद्यातली उद्योगी, बचावाची विरोधी, आणि ठरवून केलेली संकल्पी. पहिल्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या, चौथी सोडायचीच. अंगावर आलेल्या डुकराला परतवताना ते मेलं तर ती विरोधी. पण तारीख ठरवून, नेमबाज बोलावून, जे येईल ते डुक्कर पाडायचं, यात मला संकल्प दिसतो. यशोधर राजाच्या कथेत तर कोंबडा पिठाचा होता, तरी बळी देण्याच्या भावनेचं फळ आई आणि मुलाला कितीक जन्म भोगावं लागलं. सही करू नये असं मी म्हणाले. माझ्या शेजारच्या आक्का म्हणाल्या, रयतेचं पोट राखणं हाही धर्मच, सही करावी. आमचं एकमत झालं नाही, आणि अजूनही नाही.

एकमत झालं ते दुसऱ्याच गोष्टींवर. कुंपणात थेट लाइनीचा करंट सोडायचा नाही. तो बेकायदा आहे, त्यात डुकराआधी माणूस मरतो. पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवणाऱ्याला शेतात पाऊल टाकू द्यायचं नाही. ते खाऊन जबडा फुटलेलं जनावर दिवसचे दिवस तडफडतं, आणि ते डुक्करच असेल असं नाही, गाभण गायही असते. सौर झटका मशीन चालेल, त्याचा नुसता चटका बसतो, जीव जात नाही. आणि नुकसान झालं की रडत न बसता लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा, पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक उचलायचं नाही, फोटो काढून ठेवायचे. कितीतरी बायका सांगतात की घरच्यांनी लाजेने किंवा कंटाळून अर्जच केला नाही.

वहिनींच्या यजमानांनी सही केली नाही. शेजारच्या चौघांनी केली. त्यांचा राग सध्या वहिनींच्या घरावर आहे, कारण कळप यांच्या रानातून त्यांच्या रानात जातो असं त्यांचं म्हणणं. म्हणून या हंगामात मंडळाने ठरवलं आहे की त्या पाचही शेतांची राखण आपण उचलायची. मशीनचा खर्च जीवदया निधीतून, पाळीने रात्री माळ्यावर बसायला गावातली मुलं, त्यांना चहा आणि रोज. पक्षी विकत घ्यायला जे पैसे काढून ठेवले होते ते यात जातील. आणि साड्या. शेताच्या कडेने जुन्या रंगीत साड्या बांधल्या की वाऱ्याने हलणाऱ्या कापडाला डुकरं काही दिवस तरी बुजतात, आमच्या भागात सगळीकडे बांधतात. सुती नकोत, पावसात कुजतात. नायलॉनच्या, भडक रंगाच्या, सहावारी असतील त्या पोर्णिमेपर्यंत मंदिराच्या ओवरीत आणून द्या. आत्तापर्यंत एकतीस जमल्या आहेत. पाच शेतांच्या कडेला दीडशे तरी लागतील.